पाळीत दुखतं ते पोरी नाजूक झाल्या म्हणून नाही

सध्या नागपुरातल्या बऱ्याच फॅमिली ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला आहे. "आजकालच्या कॉलेजच्या पोरी बाहेरचं खातात, रात्रभर मोबाईल, हालचाल शून्य, म्हणून पाळीत कळवळतात. आमच्या काळी कुणाला दुखत नव्हतं. गोळ्या घेऊ नका, पुढे मूल होणार नाही. लग्न झालं की आपोआप थांबतं." एकेक मुद्दा घेते, कारण हे वाचून घरोघरी आया पोरींच्या हातातली गोळी काढून घेतात.

आधी "खाण्यामुळे दुखतं" हे. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्याने गर्भाशय जोरात आवळतं, आवळलं की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि कळ येते. जिच्यात हे जास्त बनतं तिला जास्त दुखतं, मळमळ आणि जुलाबही त्यानेच. आता कोणाला जास्त त्रास होतो बघा: जिची पहिली पाळी लवकर आली, म्हणजे १२ वर्षांच्या आत, जिला रक्तस्राव जास्त होतो किंवा जास्त दिवस चालतो, जिच्या आईला नाहीतर बहिणीला त्रास होता. यातलं काय त्या पोरीच्या हातात आहे सांगा बरं? सिगारेटने त्रास वाढतो हे खरं, टेन्शनचाही संबंध दिसतो, आणि सकाळचं न खाता कॉलेजला पळणाऱ्या मुलींमध्ये दुखणं जास्त असल्याचं काही पाहण्यांमध्ये आढळलंय, पण त्यावरून नाश्ता चुकवला म्हणूनच दुखलं असं ठरत नाही. व्यायामाचं मात्र मान्य. आठवड्यातून तीनदा पाऊण-एक तास केला तर दुखणं कमी होऊ शकतं, अंबाझरीला चालायला जा की, पण ज्या दिवशी पोरगी पोट धरून पडली आहे त्या दिवशी तिला हे ऐकवून काय उपयोग?

"आमच्या काळी दुखत नव्हतं." दुखत होतं, बोलायची सोय नव्हती. शिवाय लग्नं लवकर, बाळंतपणं लागोपाठ, मग अंगावर पाजणं, त्यामुळे आयुष्यात पाळ्याच कमी यायच्या. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचं दुखणं कमी होतं हेही खरं आहे, पण ते बाळंतपणाने, लग्नाने नाही, आणि सगळ्यांचं होतंच असंही नाही. विशीतल्या पोरीला त्यासाठी थांबायला सांगायचं?

गोळीचा मुद्दा सगळ्यात घातक. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयबुप्रोफेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणंच कमी करतात, म्हणून कळ सुरू होताच घेतली तर नीट लागू पडते, लोळायची वेळ आल्यावर घेतली की मग "गोळीने काही होत नाही" म्हणतात. पाळीचे दोन-तीन दिवस घेतल्याने वांझपण येत नाही. जपायचं ते वेगळ्याच गोष्टींसाठी: उपाशीपोटी नको, अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर डॉक्टरला विचारूनच, आणि आपल्या मे महिन्यात ४५ डिग्रीत पाणी न पिता तर अजिबात नको, किडनीवर ताण येतो. मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या एका गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल २०२३ च्या शेवटी सरकारी इशाराही आला होता, तर अंगावर पुरळ आणि ताप आला की गोळी बंद करून लगेच दवाखाना. शेकानेही खरंच फरक पडतो. नंदनवनच्या एका अभ्यासिकेत एक पोरगी स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, वरून ओढणी गुंडाळून, ती पोटाशी धरून एमपीएससीचा पेपर सोडवताना पाहिली आहे मी. ती नाजूक?

आणि "आपोआप थांबतं" म्हणून वाट पाहण्यात एन्डोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, वर्षानुवर्षं लपून राहतो. साधारण दहातल्या एका बाईला तो असतो. दुखणं दरवर्षी वाढतंय, पाळी नसतानाही दुखतं, लघवी-संडासच्या वेळी कळ येते, गोळीने काहीच फरक नाही, यातलं एक जरी असलं तरी डागा हॉस्पिटल नाहीतर सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग ओपीडीत दाखवा. आणि तिथे जाताना मागच्या काही पाळ्यांच्या तारखा, किती दिवस दुखलं, दिवसाला किती पॅड लागले हे मोबाईलमध्ये लिहून न्या, डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.