नमुना नाकारण्यात येत आहे

अमेरिकेत मेडिकल लॅबोरेटरी सायन्सच्या कोर्सला अर्ज करणाऱ्याला वाटतं, आपण विद्यार्थी म्हणून निघालोय. साफ गैरसमज. लॅब ट्यूबमधल्या रक्ताशी जसं वागते, तसंच ती तुमच्याशी वागते. आधी लेबल, मग सील, मग तारीख. यातलं एक जरी चुकलं तरी आतला माल कितीही उत्तम असो, परत.

लेबल म्हणजे नाव. आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव पुढे, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि बऱ्याचदा शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम निराळा. लग्न झालं की मधल्या जागी नवरा येऊन बसतो, आणि कागदोपत्री एकीच्या तिघी होतात. यावर ‘अहो, मीच ती’ हे उत्तर चालत नाही. रक्तपेढीत ट्यूबवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळलं नाही तर लेबल खोडून दुरुस्त करत नाहीत, नवीन रक्त मागवतात. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर माणूस दगावू शकतो. आयुष्यभर हेच केलेली मंडळी तुमचा अर्ज वाचणार आहेत. म्हणून विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाच्या गॅझेटची प्रत त्यांनी मागायची वाट न बघता अर्जासोबतच जोडावी.

सील म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, विद्यापीठाकडून येणारी सगळ्या विषयांच्या गुणांची अधिकृत नोंद. विद्यापीठाचं पाकीट सीलबंदच जायला हवं. ‘आत सगळं बरोबर आहे ना’ म्हणून प्रेमाने उघडून बघितलंत की त्याची रद्दी झाली. आपली पदवी अमेरिकी हिशोबात किती भरते हे सांगणारा मूल्यमापनाचा रिपोर्ट ‘कोर्स-बाय-कोर्स’च मागवावा. नुसती पदवी सांगणारा स्वस्त पडतो आणि इथे उपयोगाचा नसतो, कारण प्रवेश समितीला विषयवार क्रेडिट मोजायची असतात. बऱ्याच ठिकाणी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची मिळून साधारण ३२ सेमिस्टर क्रेडिट मागतात, त्यात मायक्रोबायोलॉजी हवंच. कमी पडलेला विषय तिथल्या कॉलेजात भरून काढताना तिथे सेमिस्टर (सहामाही) पद्धत आहे की क्वार्टर (तिमाही) ते आधी बघा, ३ क्वार्टर युनिटं (म्हणजे क्रेडिटच) म्हणजे २ च सेमिस्टर युनिटं. कॅलिफोर्नियात तर ट्रेनिंगआधी राज्याचं ट्रेनी लायसन्स लागतं, आणि परवान्याच्या अटींत ३ सेमिस्टर युनिटं भौतिकशास्त्र असतं, तेही प्रकाश आणि वीज शिकवणारं. हसू नका. लॅबमधली निम्मी यंत्रं द्रावणातून प्रकाश सोडून किती पार झाला तेच मोजत असतात.

हे सगळं करण्याआधी कोर्सला ‘नॅक्ल्स’ची (लॅबच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची) मान्यता आहे का, ते पाहावं. नसेल तर लॅबमधल्या लोकांना प्रमाणपत्र देणाऱ्या एएससीपी या संस्थेच्या परीक्षेला बसायचा सरळ रस्ता बंद. ती परीक्षा १०० प्रश्नांची, अडीच तासांची.

आता तारीख, आणि इथे भल्याभल्यांची विकेट जाते. हेपटायटिस बी च्या लसीचे नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडीचा टायटर, म्हणजे रक्तातलं तिचं प्रमाण, ते १० (mIU/mL) किंवा त्याहून जास्त हवं. म्हणजे प्रवेशपत्र आल्यावर दंड पुढे केला तर कोर्स सुरू होईल, तुमचा टायटर काही येणार नाही. टीबीच्या चाचणीची गंमत आणखी निराळी. लहानपणी बीसीजी घेतलेल्याचा हात त्वचाचाचणीत टम्म फुगू शकतो, मग छातीचा एक्स-रे आणि पुढचं पुराण. त्यापेक्षा रक्तावरची इग्रा चाचणी मागावी, तिला बीसीजीचं सोयरसुतक नसतं. मात्र एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) आज आणि टीबी चाचणी पुढच्या आठवड्यात, असं करू नये. जिवंत विषाणूंची लस काही काळ टीबी चाचणीची प्रतिक्रिया दाबू शकते, निकाल खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. दोन्ही एकाच दिवशी, नाहीतर ४ आठवड्यांचं अंतर.

ड्रग टेस्टला निर्व्यसनी माणूस सगळ्यात जास्त घाबरतो. घाबरून तो तांब्यावर तांबे पाणी पितो, लघवीतलं क्रिएटिनिन डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली जातं, आणि रिपोर्टवर ‘डायल्यूट’ (पातळ नमुना) असा शेरा येतो. पुन्हा या. खसखस खाऊन गेलात तर मॉर्फिनचे अंश सापडू शकतात. अमेरिकेच्या सरकारी चाचण्यांत याच कारणाने १९९८ मध्ये मर्यादा मिलिलिटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. चाचणीआधीचे काही दिवस खसखशीशी अबोला धरावा.

अर्जातल्या निबंधाबद्दल माझं मत कडक आहे. ‘वैद्यकीय निर्णयांपैकी ७० टक्के लॅबवर अवलंबून असतात’ या वाक्याने सुरुवात करू नका. हा आकडा सगळे सांगतात, मूळ पुरावा दाखवा म्हटलं की सगळे छताकडे बघतात. आणि ज्या शास्त्राचं अर्धं आयुष्य आकड्यावर शंका घेण्यात जातं, त्याच्या दारात हा आकडा फेकायचा? ‘मला रुग्णांशी बोलायला आवडतं’ हेही नको. रुग्ण वर असतात, तुम्ही बहुधा तळघरात.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, चूक झाली आणि कोणी पाहिलं नाही, तर? ‘माझी चूक होत नाही’ म्हणणारा तिथेच बाद. रिझल्ट थांबवणे, गेला असेल तर वॉर्डला फोन करणे, दुरुस्त रिपोर्ट काढणे आणि नोंद ठेवणे, एवढंच सांगावं. नमुन्यादाखल कधी कधी कोडं घालतात. पोटॅशियम आभाळाला, कॅल्शियम पाताळात, आणि पेशंट चहा पीत बसलाय. इथे पेशंटकडे धावायचं नसतं, ट्यूबकडे बघायचं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. त्यातलं रक्त कोणीतरी दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलंय. नवीन नमुना मागवा.

हॉस्पिटलच्या कोर्सला जागा मोजक्याच, म्हणून वेटिंग लिस्टवर आलात तरी फाइल बंद करू नका. ऐनवेळी कोणाचा तरी टायटर कमी निघतो, कोणाचं ट्रान्सक्रिप्ट पोहोचत नाही, आणि फोन तुम्हाला येतो. त्या फोनवर पहिला प्रश्न असतो, ‘टीबीचा रिपोर्ट तयार आहे का?’