‘मेडिक्लेम बंद करा, सत्तरीनंतर सगळं सरकार भरतं’ : या मेसेजचं काय करायचं?

सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, मजकूर साधारण असा : “वय 60 ते 70 च्या पुढच्या सर्व ज्येष्ठांसाठी आनंदाची बातमी. आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. प्रत्येकी 5 लाख. कोणत्याही हॉस्पिटलमध्ये मोफत. औषधं, तपासण्या सगळं फ्री. आता हप्ता सरकार भरणार, मेडिक्लेमचे पैसे वाया घालवू नका. खालच्या लिंकवर आधार नंबर टाका.”

हा मेसेज निव्वळ थाप असता तर लिहायची गरज नव्हती. केंद्राच्या आयुष्मान भारत या आरोग्य योजनेचं हे कार्ड खरं आहे, चांगलं आहे, म्हणूनच त्याला चिकटवलेल्या बाकीच्या गोष्टी लोकांना पटतात.

“60 ते 70 च्या पुढच्या सर्वांना”

सत्तर पूर्ण. साठ नाही, पासष्ट नाही. 29 ऑक्टोबर 2024 ला आयुष्मान भारत योजना सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना खुली झाली आणि वय आधार कार्डावरून धरलं जातं. आधारवर जन्मसाल चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर बहात्तरीचे आजोबा यंत्रणेच्या लेखी सदुसष्टचेच राहतात.

‘सर्वांना’ हा शब्द मात्र बरोबर आहे. उत्पन्नाची अट नाही, दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नाही. काही जण उलटं सांगतात, “ते फक्त गरिबांसाठी, आपल्याला मिळणार नाही.” तेही चूक.

पण मग गरीब ज्येष्ठाला यातून नवीन काय मिळालं? महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत गेलं आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ती खुली झाली. म्हणजे कागदोपत्री दार आधीच उघडं होतं. नवीन आहे ते हे : ज्यांचं कुटुंब आयुष्मानमध्ये आधीपासून आहे, तिथल्या सत्तरीपुढच्यांना वेगळे 5 लाख मिळतात आणि ते घरातल्या तरुणांबरोबर वाटून घ्यावे लागत नाहीत. सुनेच्या ऑपरेशनवर रक्कम संपली म्हणून सासूबाईंची अँजिओप्लास्टी अडत नाही. ही मोठी सोय आहे, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच लिहिलेली नाही.

“प्रत्येकी 5 लाख”

नाही. घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला 5 लाख. नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर दोघांत 5, दहा नव्हे.

“कोणत्याही हॉस्पिटलमध्ये”

सगळ्यात जास्त फजिती इथे होते. कार्ड चालतं ते योजनेत नोंद असलेल्या रुग्णालयातच. सरकारी रुग्णालयं आहेत, खासगीही बरीच आहेत, पण तुमच्या घराजवळचं, ओळखीच्या डॉक्टरांचं रुग्णालय त्यात असेलच असं नाही. शिवाय रुग्णालयाचं नाव यादीत दिसलं म्हणजे सगळे विभाग आले असंही नसतं. एखाद्या ठिकाणी हृदयाचे उपचार योजनेत असतात, हाडांचे नसतात.

मेडिक्लेमची सवय असलेल्यांना दुसरा धक्का असा की इथे परतावा नाही. “आधी भरतो, मग बिलं लावतो” हा प्रकार चालत नाही. यादीबाहेरच्या दवाखान्यात सव्वादोन लाख भरून मग कार्ड दाखवलं तर त्या बिलाचं काहीही होत नाही. योजना तुमचं बिल फेडत नाही. ठरलेल्या आजाराचं ठरलेलं पॅकेज ती थेट रुग्णालयाला देते. त्या पॅकेजमध्ये खाट, डॉक्टर, ऑपरेशन, औषधं, जेवण सगळं धरलेलं असतं, आणि म्हणूनच योजनेतल्या रुग्णाकडून वर पैसे मागता येत नाहीत. ‘हे इम्प्लांट जरा चांगलं आहे, फरक तुम्ही भरा’ असं कोणी म्हणालं तर तिथेच आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा. योजनेतल्या रुग्णालयात त्याचं टेबल असतं. 14555 हा केंद्राचा हेल्पलाइन क्रमांकही आहे.

माझं मत विचाराल तर यादी आजच बघून ठेवावी, छातीत कळ आल्यावर नव्हे. घराजवळची दोन रुग्णालयं आणि तिथे कोणते विभाग योजनेत आहेत, हे फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर असू द्या. मुलगा पुण्यात नि आई-वडील गावी असतील तर दोन्हीकडचं. कार्ड परराज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं, हा त्याचा एक खरा गुण.

“औषधं, तपासण्या सगळं फ्री”

दाखल व्हावं लागलं तर. दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि घरी गेल्यावरचे 15 दिवस यांचा खर्च पॅकेजमध्ये धरतात. डायलिसिस, मोतीबिंदू, प्रोस्टेट, खुब्याचं हाड, अँजिओप्लास्टी अशा म्हातारपणी गाठणाऱ्या कितीतरी गोष्टी योजनेत आहेत. पण बीपीची, शुगरची, थायरॉइडची रोजची गोळी नाही. ओपीडीची फी नाही, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी नाही.

आता हे श्रावणबाळ या गरीब ज्येष्ठांच्या निवृत्तिवेतन योजनेच्या महिना 1,500 रुपयांवर जगणाऱ्या बाईंच्या बाजूने बघा. त्यांना दाखल व्हायची वेळ कदाचित काही वर्षांतून एकदा येईल, गोळ्या मात्र दर महिन्याला लागतात. त्यांच्यासाठी सरकारी दवाखान्याची ओपीडी आणि जनऔषधी केंद्रातली जेनेरिक औषधं या दोन गोष्टी कार्डाइतक्याच मोलाच्या आहेत. ग्रुपवर कोणी ते फॉरवर्ड करत नाही.

“हप्ता सरकार भरणार, मेडिक्लेम बंद करा”

पहिला अर्धा भाग खोटा, दुसरा घातक.

तुमच्या खासगी पॉलिसीचा हप्ता या योजनेत सरकार भरत नाही. हप्त्यावर सरकारकडून मिळतं ते वेगळंच. एक म्हणजे आयकरात ज्येष्ठांना 50,000 रुपयांपर्यंतची वजावट, तीही जुन्या करप्रणालीत. ज्याला करच लागत नाही त्या कमी उत्पन्नाच्या माणसाला तिचा उपयोग शून्य. दुसरी गोष्ट खरोखर सगळ्यांच्या खिशाला जाणवणारी : 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. मूळ हप्ता 30,000 असेल तर वरचे 5,400 वाचले. कंपनीने मूळ हप्ताच वाढवला तर फरक कमी दिसेल, पण त्यालाही वेसण आहे. जानेवारी 2025 पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाकडे जावं लागतं.

आणि पॉलिसी सोडायची सक्ती कुणी केलीच नाही. खासगी विमा किंवा ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) असणाऱ्यांना वय वंदना कार्डही मिळतं. निवड करायची आहे ती केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची योजना असलेल्यांना : एक तर ते, नाहीतर हे. त्यांनी घाई करू नये.

पंधरा वर्षं चालवलेली पॉलिसी चौऱ्याहत्तराव्या वर्षी सोडली की ती परत मिळत नाही. वयाची जुनी 65 ची मर्यादा नियामकाने 2024 मध्ये काढली खरी, पण नवीन पॉलिसी घेताना आधीच्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि या वयात आधीचे आजार नसलेला माणूस कुठून आणायचा? हप्त्याची तारीख चुकली तर वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची जादा मुदत असते. ती उलटली की इतक्या वर्षांची कमाई गेली.

हप्ता झेपतच नसेल तर? पेन्शन 12,000 आणि हप्ता 40,000 असं गणित असलेली घरं मी बघितली आहेत. तिथे नूतनीकरणाच्या वेळी विम्याची रक्कम कमी करून घेता येते का ते विचारा, कंपनी बदलून स्वस्त पडतं का बघा. पोर्टिंग केलं, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेली, तर आधी काढलेला प्रतीक्षाकाळ मोजला जातो. तरीही जमत नसेल आणि घराजवळ योजनेतलं चांगलं रुग्णालय असेल, तर कार्डावर भिस्त ठेवण्यात गैर काही नाही. फक्त तो निर्णय हिशेब मांडून घ्या, मेसेज वाचून नव्हे.

“खालच्या लिंकवर आधार नंबर टाका”

टाकू नका. कार्ड आयुष्मान ॲपवर निघतं, योजनेतल्या रुग्णालयात निघतं, आणि त्याला फी नाही. कुणी फोन करून ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या.

राहिले साठ ते सत्तरमधले, ज्यांना मेसेजने उगाच आशा लावली. त्यांनी रेशनकार्ड घेऊन फुले योजनेची चौकशी करावी, हेल्पलाइन 155388. आणि महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, वयाचा प्रश्नच नाही. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. मोठमोठी, काचेच्या दारांची रुग्णालयंही यात येतात. काउंटरवर “अशी काही सोय नाही” असं ऐकू आलं तर समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं आहे म्हणून सांगा, आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड सोबत ठेवा.