फॉरमॅट बदलला म्हणून तारीख बदलत नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाइल) एक्सेलमधे उघडली की दिवस-महिना उलटे झालेल्या तारखा फॉर्म्युल्याने कशा सुधारायच्या, या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट वाचली. म्हणणं थोडक्यात असं की मी साध्या गोष्टीचा बाऊ केलाय, एवढा लांबलचक फॉर्म्युला कशाला, रिजनल सेटिंग दिवस-महिना-वर्ष करा, कॉलमला एकने गुणा, फॉरमॅट लावा, दोन मिनिटांत सगळ्या तारखा सरळ. सरळ दिसतात हे खरंय, पण नुसत्या दिसतात हीच तर माझी तक्रार आहे.

कसंय, सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली की एक्सेल काही विचारत बसत नाही, कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे तारखा ओळखून मोकळं होतं. समजा सेटिंग अमेरिकन आहे, म्हणजे महिना आधी, आणि फाइलमधे दिवस आधी. आता १७/०८/२०२३ त्याला कळतच नाही, सतरावा महिना आणणार कुठून, मग ते टेक्स्ट म्हणून सेलमधे डावीकडे पडून राहतं. पण ०५/०८/२०२३ मात्र बरोब्बर 'कळतं', ५ ऑगस्टची ८ मे होते आणि ऐटीत उजवीकडे जाऊन बसते. आत साठवलेला असतो फक्त एक आकडा, १ जानेवारी १९०० ला १ धरून मोजलेले दिवस. फॉरमॅट हा वरचा मेकअप.

तुमची युक्ती त्या डावीकडच्या टेक्स्टला लागू पडते, मान्य. पण ज्यांचा आधीच आकडा झालाय त्यांना एकने गुणून काय होणार, तोच आकडा. आणि वर पुन्हा सगळा कॉलम उजवीकडे गेला म्हणजे कुठली तारीख टेक्स्ट होती आणि कुठली उलटी झालेली, हे सांगणारी खूणच तुम्ही पुसून टाकली! वर्षात अशा १४४ तारखा असतात ज्यांचा दिवस १२ किंवा त्याहून कमी असतो, त्यातल्या ०८/०८ सारख्या १२ सुटतात, उरलेल्या १३२ बिनबोभाट चुकतात. एररही येत नाही हो.

म्हणून तो फॉर्म्युला, आणि तोही गुणाकाराच्या आधी, शेजारच्या रिकाम्या कॉलममधे. इझनंबर फंक्शनने विचारायचं, आकडा आहे का? असेल तर डेट फंक्शनमधे वर्ष, मग दिवस, मग महिना असं मुद्दाम उलटं द्यायचं, नसेल तर उजवीकडची ४ अक्षरं वर्ष, मधली २ महिना, डावीकडची २ दिवस. महिना एकआकडी लिहिलेला असेल (१७/८/२०२३) तर मधली अक्षरं काढणारं मिड फंक्शन गडबडतं, तिथे स्लॅश शोधून तुकडे करावे लागतात. तारखेसोबत वेळ असेल तर डेट ती खाऊन टाकतं, आकड्याचा अपूर्णांक वेगळा काढून परत मिळवायचा.

जादा स्पेस काढायला ट्रिम फंक्शन पुरे आहे म्हणता, पण वेबपेजवरून आलेली स्पेस बहुतेकदा १६० नंबरची असते, ट्रिम तिला हातही लावत नाही, एका अक्षराजागी दुसरं टाकणाऱ्या सबस्टिट्यूटनेच काढायची. १९०४ चा मुद्दा, म्हणजे दिवस १९०० ऐवजी १९०४ पासून मोजलेले असणं, जुनाट आहे खरा, मॅकवरच्या जुन्या फाइल्समधेच तो निघतो, पण निघाला की सगळ्या तारखा १४६२ दिवसांनी सरकतात, तेवढे मिळवले किंवा वजा केले की झालं.

अर्थात मूळ सीएसव्ही हाताशी असेल तर यातलं काहीच करू नका. लिबरऑफिस उघडतानाच विचारतं, तारखेच्या कॉलमवर क्लिक करून दिवस-महिना-वर्ष निवडायचं, संपलं. एक्सेलमधे डबल क्लिकऐवजी डेटा टॅबमधून फाइल आत घ्यायची आणि टाइप बदलताना लोकेल (कुठल्या देशाच्या पद्धतीने तारीख वाचायची ते) सांगायचं. फॉर्म्युला मूळ फाइल हरवलेल्यांसाठी आहे, आणि असे लोक भरपूर आहेत.

तुमच्या 'सरळ झालेल्या' फाइलवर एकदा फिल्टर लावून बघा. नुसत्या ऑगस्टची यादी असूनही त्यात ८ जानेवारी, ८ फेब्रुवारी, ८ मार्च असं करत पार ८ डिसेंबरपर्यंत तारखा निघाल्या तर त्या १ ते १२ ऑगस्टच्याच आहेत, आणि मग कमेंटमधे तसं कळवा.