सर्वश्रेष्ठ नको, सध्याचं सांगा

"एखादा चांगला अल्बम सुचव ना" असं कुणी म्हणालं की आपल्यातले बरेच जण परीक्षेला बसल्यासारखे वागायला लागतात. चुकीचं उत्तर जायला नको म्हणून नेहमीची, कुणीही नावं ठेवणार नाही अशी चार-पाच नावं पुढे करतात. ती नावं समोरच्याला आधीपासून ठाऊक असतात. तो मान डोलावतो, "हो, ऐकायचाय एकदा" म्हणतो आणि विषय संपतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे मंडळी, की सर्वकाळच्या श्रेष्ठ अल्बमांच्या याद्या थोडे दिवस बाजूला ठेवू या. आत्ता, या आठवड्यात, तुम्ही जो अल्बम पुन्हा पुन्हा लावताय तो सांगा. त्याच्याबद्दल तुमच्याकडे ताजं काहीतरी असतं. कुठे अंगावर काटा येतो, कुठे अजून नीट कळलेलं नाही, कुठला भाग आधी कंटाळवाणा वाटला आणि मग अचानक उलगडला, हे सगळं तुम्हाला आत्ता आठवतंय. जुन्या आवडीबद्दल आपण आदराने बोलतो. सध्याच्या आवडीबद्दल बोलताना मात्र आपला आवाज चढतो, हात हलायला लागतात, आणि समोरच्याला हेडफोन कानाला लावावेसे वाटतात ते त्यामुळे.

तर माझ्यापासून सुरुवात करते. सध्या मी 'प्रॉमिसेस'मध्ये अडकले आहे.

इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा ब्रिटिश संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स, अमेरिकन सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांनी मिळून केलेला हा अल्बम मार्च २०२१ मध्ये आला. सुमारे ४६ मिनिटांची एकच रचना, नऊ भागांत. सुरुवातीलाच मोजक्या सुरांची एक छोटीशी लड येते. ती संपते, जरा जागा सुटते, पुन्हा तीच लड. हे जवळजवळ शेवटपर्यंत चालू राहतं. पहिल्या पाच मिनिटांत मनात येतंच की हे असंच चालणार की काय! असंच चालतं, पण भोवतालचं सगळं बदलत जातं. तानपुऱ्यावर पोसलेल्या आपल्या कानांना हे समजावून सांगावं लागत नाही. तानपुराही तेच तेच बोलत असतो आणि त्याच्यामुळेच गाणाऱ्याचा प्रत्येक सूर कुठे उभा आहे ते कळतं. इथे ती लड तेच काम करते आणि सँडर्स त्या मोकळ्या जागांमध्ये वाजवतात.

आता हे सँडर्स कोण? १९६५ पासून जॅझचे थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या बरोबर वाजवणारे, सॅक्सोफोनमधून अक्षरशः किंकाळ्या काढणारे. त्या काळचं त्यांचं वादन सगळ्यांना झेपतं असं नाही. 'प्रॉमिसेस' आला तेव्हा ते ८० वर्षांचे होते. इथे ते एकेक सूर इतक्या हलक्या हाताने ठेवतात की फुंकेतली हवासुद्धा ऐकू येते. चौथ्या भागात तर सॅक्सोफोन बाजूला राहतो आणि ते स्वतःच्या आवाजात काहीतरी पुटपुटतात, शब्दांशिवाय. मला तो भाग पहिल्यांदा ऐकताना जरा अवघडल्यासारखं झालं होतं, कुणाचं तरी खाजगी बोलणं कानावर पडल्यासारखं. आता मी त्याचीच वाट बघते. मग सहाव्या भागात सगळी तंतुवाद्यं चढत चढत जातात, ती लड त्या लाटेत बुडते की काय असं वाटतं, आणि लाट ओसरल्यावर ती तिथेच असते. सप्टेंबर २०२२ मध्ये सँडर्स गेले.

एक विनंती. हा अल्बम काम करता करता लावू नका. मागे वाजत राहिला तर तो गोड पार्श्वसंगीत होऊन जातो आणि "छान आहे, शांत वाटतं" एवढंच हाती लागतं. त्यात तेवढंच नाहीये.

तुमच्या लक्षात आलं असेल की मी नुसतं नाव सांगून थांबले नाही. सुचवणाऱ्याने आत जायचा दरवाजा दाखवलाच पाहिजे, या मताची मी आहे. नुसती लिंक पाठवणं म्हणजे सुचवणं नव्हे. दिवसाला दहा लिंका येतात, त्यातली एकही उघडली जात नाही. त्याऐवजी "दीड मिनिटाला एक झांज वाजते, ती ऐक" असं कुणी म्हटलं तर माणूस निदान दीड मिनिटापर्यंत जातोच.

ती झांज खरोखरच आहे. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या पहिल्याच रचनेत, 'सो व्हॉट'मध्ये. हा १९५९ चा अल्बम प्रत्येक श्रेष्ठांच्या यादीत असतो, आणि कदाचित म्हणूनच अनेकांच्या मोबाईलमध्ये न ऐकलेला पडून असतो. "जॅझ आपल्याला कळत नाही" असं म्हणणाऱ्या, पण रागसंगीत मनापासून ऐकणाऱ्या मित्राला मी तो असा सुचवते: डी हा पाश्चात्त्य सूर षड्ज धर. कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. १६ बार हेच सूर (एक बार म्हणजे इथे चार मात्रा). मग अख्खा षड्जच अर्ध्या सुराने वर सरकतो, ८ बार तिथे राहतो आणि परत ८ बार खाली येतो. असं ३२ बारांचं एक आवर्तन, आणि प्रत्येक वादक ते आपापल्या परीने भरतो. षड्ज सरकतो ती जागा एकदा कानाने पकडली की झालं, मग जॅझ 'कळण्याची' गरज उरत नाही. सुरुवातीला पॉल चेंबर्सचा बास बोलतो, बाकीचे त्याला दोन सुरांत उत्तर देतात, आणि साधारण दीड मिनिटाला माइल्सचा ट्रम्पेट आत येतो तेव्हा जिमी कॉबची झांज वाजून रेंगाळते. तिच्यासाठी मी कितीतरी वेळा मागे गेले आहे.

हार्मोनियम किंवा बासरी घेऊन बरोबर वाजवायला बसणाऱ्यांसाठी एक सूचना: यातल्या पहिल्या तीन रचना ध्वनिमुद्रित होताना टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे जुन्या तबकड्यांवर त्या जरा चढ्या वाजतात. १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये ही चूक दुरुस्त झाली. जुनी तबकडी असेल तर सूर जुळत नाही म्हणून स्वतःच्या कानाला दोष देऊ नका.

दरवाजा दाखवण्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण चक्क एका तबकडीवरच मुद्रित आहे. १९५५ मध्ये उस्ताद अली अकबर खाँ यांची लाँग प्ले अमेरिकेत निघाली. पाश्चात्त्य श्रोत्यांसाठी हे संगीत तेव्हा पूर्ण अनोळखी. सुरुवातीला व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन स्वतः बोलतात, वाद्यांची आणि वादकांची ओळख करून देतात, आणि मग सरोद सुरू होतो. जगभर नाव असलेला कलावंत दुसऱ्याच्या तबकडीवर येऊन सांगतो की या, इथून ऐका. सुचवणं ते हे.

आता क्रमाबद्दल, कारण या बाबतीत मी जरा हट्टी आहे. अल्बम ज्या क्रमाने लावलाय त्याच क्रमाने ऐकावा, निदान पहिल्यांदा तरी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभे केले, ही त्यांची थोरवी. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली. त्यानंतर कलावंत 'बाजू'चा विचार करायला लागले: कशाने सुरुवात, कशानंतर काय, तबकडी उलटण्याआधीचा शेवट कुठला.

'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. १९६७ ची तबकडी. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात मांडला आहे. पहाटेचा अहिर भैरव, मग नटभैरव, पुढे पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. हा अल्बम कुणी शफलवर लावला तर भूपानंतर पहाट उजाडते! एवढ्या विचाराने रचलेला दिवस आपण मोडून टाकतो. नंतरच्या सीडीवर शेवटी आणखी काही रचना जोडल्या आहेत. त्या चांगल्याच आहेत, पण दिवस पहाडीपाशी संपतो, तेव्हा तिथे थांबा. काब्रांची गिटार या अल्बमच्या चर्चेत नेहमी मागे पडते. माझ्या मते तीच याला जमिनीवर ठेवते. पुढच्या वेळी फक्त तिच्या मागे जाऊन बघा.

क्रमाचा हा आग्रह फक्त माझाच आहे असंही नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये गायिका अडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण बदललं. आधी ते दाबलं की गाणी उलटसुलट लागायची, आता क्रमाने लागतात. तिच्याबद्दलचा माझा आदर तेव्हा दुप्पट झाला. आणि हो, सेटिंगमध्ये जाऊन क्रॉसफेड बंद करा. एक रचना विरत असताना दुसरी तिच्यावर चढवणं हा दोघींवरही अन्याय आहे.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी इंग्लिश गायक निक ड्रेकचा 'पिंक मून', १९७२. अवघा २८ मिनिटांचा. एक आवाज, एक गिटार, आणि पहिल्या गाण्यात थोडासा पियानो. दोन रात्रींत मुद्रित झाला. ड्रेक १९७४ मध्ये २६ व्या वर्षी गेला तेव्हा त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. पुढे १९९९ च्या सुमारास एका मोटारीच्या जाहिरातीत ते पहिलं गाणं वाजलं आणि जग धावत आलं. पण मधली पंचवीस वर्षं त्याचे अल्बम जिवंत ठेवले ते "हे ऐक" म्हणून एकमेकांच्या हातात देणाऱ्या माणसांनी. तेव्हा आपण एकमेकांना सुचवतो त्याने काय होतं, असं कुणी विचारू नये.

ॲपसुद्धा सुचवतंच की, असं म्हणाल. सुचवतं, आणि बरंच चांगलं सुचवतं. तुम्ही ऐकता ते ऐकणारे आणखी काय ऐकतात, यावरून ते शेजारचं दार दाखवतं. पण तुम्हाला ओळखणारा माणूस तुम्हाला गावाच्या पार पलीकडे नेऊ शकतो, कारण तुम्ही ते 'का' ऐकता हे त्याला ठाऊक असतं. वेगाचं वेड असलेल्याला मी वेगवान संगीतच सुचवणार नाही. त्याला पियानोवादक ग्लेन गूल्डने वाजवलेल्या, संगीतकार बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'च्या दोन तबकड्या देईन. १९५५ ची, बाविशीतल्या गूल्डने ३८ मिनिटांत संपवलेली. आणि १९८१ ची, तोच बाख, तोच पियानोवादक, ५१ मिनिटं. दोन्ही पाठोपाठ ऐकल्यावर बोलू.

आणि रागसंगीतवाल्यांना ब्लूजकडे, ब्लूजवाल्यांना रागसंगीताकडे न्यायचं असेल तर 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा आणि राय कूडरची गिटार. १९९२ मध्ये दोघं पहिल्यांदा भेटले आणि तासाभराच्या आत ध्वनिमुद्रणाला बसले. हे कळल्यावर पुन्हा ऐका, पहिल्या रचनेत दोघं एकमेकांना अंदाज घेत कसे विचारतात आणि शेवटच्या 'ईसा लेई'पर्यंत, जे फिजीचं निरोपाचं गाणं आहे, कसे सहज बोलायला लागलेले असतात. १९९४ मध्ये याला ग्रॅमी मिळालं. दोन मोठी नावं एकत्र आणून केलेले अल्बम मला एरवी फारसे रुचत नाहीत. बरेचदा दोघं आपापलं वाजवतात आणि मध्ये टाळ्या. इथे दोघं ऐकतात.

आता घेणाऱ्यांबद्दल. कुणी मनापासून अल्बम सुचवला तर तो ऐकून परत येऊन सांगायची आपल्याकडे पद्धतच राहिलेली नाही. बदाम टाकला, 'नक्की ऐकतो' लिहिलं, संपलं. सुचवणाऱ्याने स्वतःची एक आवड उघडी करून तुमच्या हातात ठेवलेली असते. "ऐकला, नाही आवडला, तिसऱ्या भागानंतर बंद केला" हे उत्तरसुद्धा मला त्या बदामापेक्षा शंभरपट प्रिय आहे, कारण त्यावर पुढे बोलता येतं. मग मी विचारीन की तिसऱ्यात नेमकं काय खटकलं, आणि तुम्ही सांगाल ते कदाचित माझ्या कधी लक्षातच आलेलं नसेल.

तर खाली लिहा. एकच अल्बम, सध्या कानात असलेला. कोणत्याही भाषेतला, कोणत्याही काळातला, कितीही गाजलेला किंवा अजिबात न गाजलेला. सोबत त्यातली एक जागा सांगा, जमल्यास मिनिटासकट. कुठली आवृत्ती चांगली आहे हे माहीत असेल तर तेही. मी रोज एक ऐकून त्याच कमेंटखाली उत्तर देईन, आवडला नाही तर तसंही लिहीन. आणि 'प्रॉमिसेस' ऐकलात तर त्या चौथ्या भागाबद्दल तुम्हाला काय वाटलं ते मला सांगाच.