‘सलग’ हा शब्द काढा

आज ३० जुलै, सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या सांगोला तालुक्याचे आमदार राहिलेले गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबा, यांचा स्मृतिदिन. सकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात माझ्या आतेबहिणीच्या मुलाने एक चित्र टाकले. आबांचे छायाचित्र, पांढरी टोपी, आणि खाली लाल अक्षरांत मजकूर : ‘एकच मतदारसंघ, एकच पक्ष, सलग अकरा वेळा आमदार’. पंधरा मिनिटांत त्याखाली वीस जणांनी हात जोडले. आमच्याच तालुक्यातली, आबांना मते दिलेली माणसे होती ती, आणि त्यांतल्या एकालाही ‘सलग’ हा शब्द खटकला नाही. मला तो इतका खटकला की हातातले काम बाजूला ठेवून मी हे लिहायला बसले आहे.

अकरा वेळा हे खरे आहे, सलग हे खोटे आहे. १९६२ मध्ये, महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) उमेदवार म्हणून आबा सांगोल्यातून निवडून आले. १९६७ मध्ये पुन्हा आले. १९७२ मध्ये काकासाहेब साळुंखे-पाटील यांच्याकडून ते पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, आणि मग १९७८, १९८०, १९८५, १९९० अशा चार निवडणुका जिंकल्या. १९९५ मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना पाडले. १९९९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा निवडून आले, आणि २००४, २००९, २०१४ या तिन्ही निवडणुका जिंकून २०१९ मध्ये स्वतःहून थांबले. तेरा लढती, अकरा विजय, दोन पराभव. ज्याला आदरांजली वाहायची, त्याच्या आयुष्यातली ही दोन वर्षे कुणाच्या परवानगीने खोडली?

हा राग नुसत्या चुकीच्या माहितीचा नाही. १९९५ चा पराभव आमच्या घरात घडला आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत मतदान होते आणि त्याच दिवशी मिरजेला माझ्या आतेबहिणीचे लग्न होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, नवरीचे सख्खे मामा. भाचीला बोहल्यावर मामाने आणायचे असते, त्यामुळे त्यांनी जाणे टाळता येण्यासारखे नव्हतेच. परंतु मुहूर्त गोरज होता. सकाळी मतदान उरकून एसटीने निघाले असते, तरी दुपारपर्यंत सारे मिरजेत पोहोचले असते. आईने तसे सुचवलेही होते. अण्णा म्हणाले, “आबांना काय हुतंय? आबा येणारच.” आणि आदल्या दिवशीच आम्ही सगळे छोट्या रेल्वेने मिरजेला गेलो. त्या वेळी आमच्या घरात सहा मते होती : आजी, अण्णा, आई, थोरले काका, काकू आणि धाकटे काका. मी तेरा वर्षांची होते. लग्नाच्या मांडवात सगळ्यांची बोटे हळदीने पिवळी झाली होती. शाईचा ठिपका एकाच्याही बोटावर नव्हता.

मार्चमध्ये मतमोजणी झाली. त्या काळी मतपत्रिका हातांनी मोजल्या जात आणि निकालाला रात्र होत असे. धाकटे काका मोजणीच्या ठिकाणाहून आले, उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, “आबा पडले. एकशे ब्याण्णव मतांनी.” आजी पदर तोंडाला लावून बसली. अण्णा काहीच बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी कोनाड्यातली लग्नाची जुनी पत्रिका घेतली, पाठीमागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने १९२ लिहिले आणि सहाने भागले. बत्तीस आले. तो आकडा ते बघत राहिले. मग आईकडे वळून म्हणाले, “आपल्यासारखी बत्तीस घरं लग्नाला गेली असतील, आन् तेहतिसावं आपलं.”

शेजारपाजारचे समजूत घालत. एका घराच्या सहा मतांनी काय फरक पडणार होता, असे म्हणत. हिशेबाने ते खरेच होते, पण अण्णांना ते कधीच पटले नाही. प्रत्येक घर असेच म्हणत असणार, हे त्यांना त्या पत्रिकेवरच्या भागाकाराने दाखवले होते.

म्हणून ‘सलग’ वाचले की मला अण्णांचे ते कोरे बोट आठवते. आबा येणारच, ही समजूत त्या एका शब्दात पुरेपूर भरलेली आहे. माणूस न हरताच अकरा वेळा निवडून येत गेला असे एकदा लिहिले, की मतदाराचे काही कामच उरत नाही. तो येणारच होता, आपण नुसते हजर होतो! प्रत्यक्षात सांगोल्याच्या माणसाने आबांना दोनदा घरी बसवले आणि दोनदा परत बोलावले. अकरा विजयांना वजन आले ते त्या दोन पराभवांमुळे. लोक नाकारूही शकत होते आणि त्यांनी नाकारून दाखवले होते, म्हणून त्यांनी दिलेल्या होकाराला किंमत होती.

१९७२ चा पराभव तर आमच्या तालुक्याच्या वाट्याला सगळ्यात वाईट वेळी आला. निवडणूक झाली आणि त्याच वर्षी पाऊस पाठ फिरवून गेला. बहात्तरचा दुष्काळ. माझी आजी त्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावरचा व्रण मी लहानपणी बोट फिरवून पाहत असे. ज्या माणसाने दहा वर्षे विधानसभेत या कोरड्या तालुक्याची बाजू मांडली, तो नेमका त्या वेळी सभागृहाबाहेर होता. १९७४ च्या पोटनिवडणुकीत सांगोल्याने त्याला परत पाठवले. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा आबा सभागृहात होते. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण १९७४ चे ते मतदान तिला मरेपर्यंत आठवत होते. ‘सलग’ लिहिणाऱ्याने तिचे ते मत पुसले आहे, हे त्याला कुणी सांगायचे?

पंचाण्णवनंतर जे झाले ते मात्र मला आज अधिक मोलाचे वाटते. राज्यात युतीचे सरकार आले होते. आबांचा पक्ष लहान होता आणि आणखी लहान होत चालला होता. सहा दशकांच्या राजकारणात त्यांना दुसऱ्या पक्षांची दारे उघडी नव्हती असे कोण म्हणेल? साडेचार वर्षे ते आमदार नव्हते. त्या साडेचार वर्षांत त्यांनी झेंडा बदलला नाही, तालुका बदलला नाही, विधान परिषदेची मागची वाट धरली नाही. १९९९ मध्ये त्याच लाल झेंड्याखाली त्याच लोकांपुढे मते मागायला उभे राहिले. अण्णा त्या दिवशी केंद्र उघडण्याआधीच रांगेत जाऊन उभे होते आणि घरातली सहाच्या सहा मते त्यांनी सकाळी नऊच्या आत टाकून घेतली. घरी आल्यावर त्यांनी आम्हा मुलांना बोटावरची शाई दाखवली, तशी सणाला नवे कपडेही कधी दाखवले नव्हते.

आणि आता काय चालले आहे? पराभवाची शाई वाळायच्या आत माणसे दुसऱ्या पक्षाच्या कार्यालयात गळ्यात उपरणे घालून उभी राहतात. निवडून आलेलेही थांबत नाहीत. पक्षांतरबंदीचा कायदा देशात १९८५ साली आला. आबा त्याच्या तेवीस वर्षे आधीपासून एका पक्षात होते आणि त्यानंतरही तिथेच राहिले. त्यांना धरून ठेवायला त्या कायद्याची गरज पडली नाही. १९७८ मध्ये शरद पवारांच्या आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले, तेही आपल्याच पक्षाचे म्हणून. आमदार असताना ते एसटीने फिरत, हे तर अख्ख्या महाराष्ट्राने पाहिले आहे. एसटीत आमदारांसाठी एक आसन राखीव असते, हे आमच्या तालुक्यातल्या मुलांना त्यावर बसलेल्या माणसामुळे कळत असे. आज महाराष्ट्रात कुठेही सांगोल्याचे नाव काढले, की समोरचा शहाजीबापूंचे २०२२ मधले गुवाहाटीचे झाडी-डोंगार-हाटील हे बोलणे आठवून हसतो. हसणाऱ्याचा दोष नाही. आम्हीच आमची दुसरी ओळख नीट सांगितली नाही आणि सांगायला गेलो तर ती चुकीची सांगतो.

हे लिहिताना मी आबांना देव करत नाही. एकाच मतदारसंघातून सर्वाधिक विजयांचा देशातला विक्रम त्यांचा, असेही त्या चित्रात होते. तेही बरोबर नाही. केरळमध्ये पाला मतदारसंघातून के. एम. मणी आणि पुथुप्पल्लीतून उम्मन चंडी यांनी अकराहून अधिक वेळा निवडणूक जिंकली आहे. आबांची सुमारे पन्नास वर्षांची आमदारकी होऊनही तालुक्यातले काही कोपरे माण नदीच्या वाळूकडे आणि टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेलेच राहिले, हे मान्य करावे लागेल. त्यांच्यानंतर उमेदवारी घरातच गेली, हेही मान्य. आणि शहाजीबापूंविषयी एक गोष्ट नाइलाजाने का होईना, म्हणते : पंचाण्णवनंतर आबांकडून वारंवार हरूनही ते सांगोल्यातूनच लढत राहिले.

पण ज्या तालुक्यात पाऊस यायचा की नाही याचीच खात्री नसते, तिथे कुसळे उगवणाऱ्या माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी चालली, तिथे त्या माणसाचे नाव घेताना मला आकडे फुगवायची गरज वाटत नाही. आमची दोन एकर गणेश डाळिंबाची बाग त्याच काळात लागली. अण्णा झाडांना बादलीने पाणी घालत.

२०१४ ची निवडणूक अण्णांची शेवटची. आबांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती, अण्णांनी सत्तरी. गुडघे गेले होते, तरी भावाच्या खांद्यावर हात ठेवून ते केंद्रापर्यंत चालत गेले. आबा सुमारे पंचवीस हजार मतांनी आले. आता आकडा मोठा आहे, आता तरी ती पत्रिका टाकून द्या, असे आई हसत म्हणाली होती. अण्णांनी पत्रिका पुन्हा घडी घालून ट्रंकेत ठेवली. दोन वर्षांनी ते गेले.

२०१९ मध्ये आबा उभे नव्हते. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे होते आणि समोर शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. मी पुण्यात नोकरीच्या ठिकाणी निकाल पाहत होते. ७६८ मतांनी शेकाप हरला. आजूबाजूला सहकारी होते, सरकार कुणाचे येणार यावर मोठ्याने वाद चालला होता, आणि मी कागदावर ७६८ लिहून सहाने भागत होते. एकशे अठ्ठावीस घरे. माझे नाव अजूनही गावच्याच यादीत आहे. त्या वर्षी मला रजा मिळाली नव्हती, म्हणजे मी मागितलीच नव्हती. अण्णांनी म्हटले होते तसेच काहीतरी मीही मनात म्हटले असणार. ही गोष्ट मी आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही.

२०२४ मध्ये मी आदल्या रात्रीच्या एसटीने गेले. डॉ. बाबासाहेब देशमुख, आबांचे दुसरे नातू, शेकापकडून निवडून आले. अख्ख्या राज्यात त्या पक्षाचा तेवढा एकच आमदार झाला. तो नातू आहे म्हणून मला आनंद झाला असे नाही. तो कसे काम करतो ते तालुका पाहील आणि नाही पटले तर त्यालाही घरी बसवील, जसे त्याच्या आजोबांना बसवले होते. मला बरे वाटले ते बोटाकडे पाहून.

हे सारे लिहीपर्यंत दुपार झाली आणि सकाळचा राग उतरला आहे. ज्या मुलाने ते चित्र टाकले, तो त्याच लग्नातल्या नवरीचा मुलगा. ज्या लग्नासाठी आम्ही सहा मते सोडून मिरजेला गेलो, त्या लग्नातून तो जन्माला आला आहे. त्याला १९९५ कसे ठाऊक असणार? आम्ही कधी सांगितलेच नाही. त्याच्या आईसमोर तो विषय काढायचा नाही, असे अण्णांनी बजावून ठेवले होते. भाचीच्या लग्नाच्या दिवसावर कसलाही डाग त्यांना नको होता. तिला आज हे पहिल्यांदाच कळेल. ताई, मामाने तुझ्या लग्नाबद्दल एकदाही हळहळ व्यक्त केली नाही. जे काही बोलले ते स्वतःच्या आळसाबद्दल बोलले.

मी गटात एवढेच लिहिले : “बाळा, ‘सलग’ हा शब्द काढ. १९७२ आणि १९९५ मध्ये आबा पडले होते.” पाच मिनिटांनी त्याने ते चित्र काढून टाकले. मग त्याचा फोन आला. म्हणाला, “मावशी, पंचाण्णवला किती मतांनी पडले?”

मी ट्रंक उघडली आहे. पत्रिकेची घडी कडांना फाटली आहे, पण पेन्सिल अजून दिसते.