हॉटेलचं बिल आणि बारा पानांचा अर्ज

परवा आमच्या मराठी ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला. ‘आपल्या टॅक्सवर हे लोक हॉटेलात राहिले.’ हे लोक म्हणजे स्वतःच्या देशात धोका आहे म्हणून न्यूयॉर्कमध्ये आश्रय मागायला आलेले. तिथे वाद नको म्हणून गप्प बसले, पण मनातून जाईना. म्हणून इथे लिहितेय.

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच खर्चाचं कारण देत शहराने बजेटला कात्री लावली आणि लायब्ररी रविवारी बंद झाली. लेकीला घेऊन आम्ही दर रविवारी तिथेच जायचो. बंद दारासमोर तिचा उतरलेला चेहरा पाहून मीही संतापले होते. तेव्हा टॅक्स भरणाऱ्याचं दुखणं मला चांगलं ठाऊक आहे.

पण ही माणसं हॉटेलात बसून का राहिली, हे कुणी विचारतच नाही. २०२२ पासून दोन लाखांहून जास्त लोक न्यूयॉर्कमध्ये आले. व्हेनेझुएला, इक्वाडोर, सेनेगल, मॉरिटानिया. कित्येकांना टेक्सासच्या गव्हर्नरने बसमध्ये बसवून पाठवलं. १९८१ चा कोर्टातला करार आणि नंतरचे निकाल यांमुळे बेघरांना निवारा देणं शहराला भाग आहे. शेल्टर भरली, म्हणून हॉटेलं घेतली. निवाऱ्याचं बिल शहराचं, पण कामाची परवानगी केंद्र सरकारच्या हातात! आश्रयाचा अर्ज दाखल केल्यावर १५० दिवसांनी परवाना मागता येतो आणि १८० दिवसांच्या आत तो हातात पडत नाही. म्हणजे अर्जच गेला नाही तर दिवस मोजायला सुरुवातही होत नाही.

तो अर्ज बारा पानांचा, इंग्रजीतच भरायचा, इथे पोचल्यापासून वर्षाच्या आत. सरकारी खर्चाने वकील मिळत नाही.

काही महिने मी दर शनिवारी एका चर्चच्या तळघरात हे अर्ज टाइप करायला बसायचे. एकदा मॉरिटानियाचा एक तरुण समोर बसला होता. दुभाषा फ्रेंचमध्ये विचारत होता: गेल्या पाच वर्षांतले पत्ते, शाळा, आईवडिलांचा जन्म कुठला. त्या एका अर्जाला साडेतीन तास लागले. तो चार महिने शेल्टरमध्ये होता आणि असा अर्ज करायचा असतो हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चार महिने, रोज रात्रीचं भाडं शहराने भरलं!

मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर आले तेव्हा मलाही कामाची परवानगी नव्हती. माझ्यामागे नवऱ्याचा पगार होता, डोक्यावर छप्पर होतं, तरी धडधाकट हातांनी नुसतं बसून राहणं किती खातं ते मला माहीत आहे. त्या मुलाच्या मागे तर काहीच नव्हतं.

अर्ज भरून देणारं मदत केंद्र शहराने उघडलं ते २०२३ च्या उन्हाळ्यात, पहिल्या बसेसनंतर जवळपास वर्षाने. माझी तक्रार आहे ती या वर्षाबद्दल. टेबल, टाइप करणारा, दुभाषा आणि देखरेखीला एक वकील, एवढं पहिल्या महिन्यात उभं केलं असतं तर हजारो माणसं कितीतरी आधी कामाला लागली असती. खोल्यांवर अब्जावधी डॉलर गेले आणि कागदांसाठी हात आखडला.

नव्याने आलेल्यांची नोंद करणारं रूझवेल्ट हॉटेलमधलं केंद्र जून २०२५ मध्ये बंद झालं. आश्रयाचे खटले मात्र अजून चालूच आहेत, त्यामुळे वकिलांच्या मदतीसाठी शहर देतं ते पैसे आता कापले जाऊ नयेत. सिटी कौन्सिलच्या बजेट सुनावणीत कुणालाही बोलता येतं. मी नाव देणार आहे. ग्रुपवरच्या ज्यांना टॅक्सची काळजी आहे त्यांनीही यावं, आपण एकत्रच जाऊ.