'१०९८ला फोन करू नका' सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस अंगणवाडी सेविकांच्या, बचत गटांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीबद्दल एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: '१०९८वर कधीच फोन करू नका. सरकारी माणसं मूल उचलून नेतात, परत देत नाहीत. संस्था ती मुलं परदेशात विकतात. खरा धोका मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचा आहे. घरातली गोष्ट घरातच मिटवा. फोन करणाऱ्याचं नाव पोलिसांत जातं.' परवा एका सेविकाताईंनी तो पाठवून विचारलं, 'मॅडम, मग फोन करायचा नाही का?' जिच्यासमोर रोज गावातली मुलं बसतात, तिलाच ही शंका यावी हे फार वाईट आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'मूल उचलून नेतात.' १०९८ ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. २०२३पासून ती महिला व बालविकास विभागामार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. फोन घेणारा आधी विचारतो ते एवढंच: मूल कुठे आहे, वय काय, आत्ता त्याच्याजवळ कोण आहे, जिवाला धोका आहे का. धोका असेल तर पोलीस जातात, नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं घरी जाऊन चौकशी करतात. मूल संस्थेत ठेवायचं की नाही हे फोन घेणारा ठरवत नाही, पोलीसही नाही. ते ठरवते बालकल्याण समिती: एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक महिला.

गोंधळ एका शब्दामुळे होतो. पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालचा गुन्हा नोंदला की पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं असतं. कळवणं म्हणजे मुलाला हजर करणं नव्हे. पोक्सो नियम २०२०प्रमाणे मुलाला समितीपुढे आणावं लागतं ते ठरावीक परिस्थितीत: त्याच घरात राहणाऱ्याने गुन्हा केला आहे किंवा तो करण्याची शक्यता आहे, मूल आईवडिलांविना संस्थेत आहे, किंवा त्याला घर वा पालकांचा आधारच नाही. तेव्हाही समितीने तीन दिवसांत ठरवायचं आणि मुलाचं स्वतःचं म्हणणं विचारात घ्यायचं. आरोपी अटकेत गेला आणि आई मुलाच्या बाजूने उभी असली, तर मूल हलवायला सहसा कारणच उरत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ तर स्वच्छ सांगतो की संस्था हा शेवटचा उपाय.

संस्थांमध्ये मुलं सुरक्षित नसतात, असंही मेसेजखाली कुणीतरी जोडलंय. हे साफ खोटं आहे असं मी म्हणणार नाही. बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर कसे अत्याचार चालले होते ते २०१८मध्ये सगळ्या देशाने वाचलं. पण ते उघड झालं कशामुळे? टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने बाहेरून जाऊन केलेल्या तपासणीमुळे. प्रत्येक बालगृहाची तीन महिन्यांतून किमान एकदा पाहणी व्हावी, पथकात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा, हे कायद्यात आहे. आपल्या जिल्ह्यात ती होते का, हे विचारा. फोन न केल्याने बालगृह सुधारत नाही.

'परदेशात विकतात.' समितीच्या किमान तीन सदस्यांच्या सहीने मूल दत्तकासाठी मुक्त जाहीर झाल्याशिवाय पुढचं पाऊलच पडत नाही. त्यानंतरही सहसा ६० दिवस भारतातल्या किंवा अनिवासी भारतीय पालकांना प्राधान्य असतं. मूल विकणं हा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. शंका असेल तर तक्रार करा. हा मेसेज नेमकं तेच करू देत नाही.

'मुलं पळवणाऱ्या टोळ्या.' १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच माणसं ठेचून मारली गेली. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते आणि जमावाच्या डोक्यात मोबाइलवरची अशीच अफवा होती. यापुढे टोळीचा मेसेज पाठवताना ते गाव आठवा. आणि धोका कुणाकडून? केंद्र सरकारने १३ राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून २००७मध्ये अहवाल काढला, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते.

म्हणूनच 'घरातच मिटवा' हे या मेसेजमधलं सगळ्यांत घातक वाक्य आहे. मिटवणं म्हणजे काय होतं ते सांगते. चार मोठी माणसं बसतात, तो माणूस हात जोडतो, कधी पैसे ठरतात, आणि मुलीला सांगतात, 'आता विसरून जा.' तो त्याच गल्लीत राहतो. तोवर कपडे धुतलेले असतात, मुलीला आंघोळ घातलेली असते, पुरावा गेलेला असतो. पुढे सहा महिन्यांनी दुसऱ्या मुलीचं नाव येतं.

कायद्यात याला मुळी जागाच नाही. पोक्सोच्या कलम १९प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरला मुलींवरच्या अत्याचाराबद्दल शाळेने कळवलं नाही, म्हणून विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला.

'पोरीला ठाण्यात फरपटवतील' ही भीती मात्र मी समजू शकते, कारण नियम मोडले जातात. नियम असे: जबाब मुलाच्या घरी किंवा ते सांगेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय, विश्वासातलं माणूस शेजारी बसवून घ्यायचा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. तातडीचे उपचार देण्याआधी रुग्णालयाला एफआयआर किंवा पत्र मागता येत नाही. कुणी अडवलं तर पोक्सोचं कलम २४ आणि २७ एवढे दोन आकडे म्हणा, बोलण्याचा सूर बदलतो. समितीकडे सहायक व्यक्ती मागा. ती व्यक्ती ठाण्यापासून निकालापर्यंत कुटुंबासोबत असते.

त्याआधी घरात एवढं करा. मुलाने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहा. पुन्हा पुन्हा विचारू नका, मोबाइलवर चित्रण करू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये दमट राहून बुरशी धरते. रुग्णालयात लगेच जा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, गर्भधारणा टाळण्याचीही जितक्या लवकर तितकं बरं.

'फोन करणाऱ्याचं नाव जातं.' नाव न सांगताही फोन करता येतो. आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हे पोक्सोच्या कलम १९मध्येच लिहिलंय.

राहिलं ते हे, की फोन फक्त अत्याचारासाठी नसतो. वडील गेले, आई मजुरीला जाते, मोठी मुलगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळते, अशा घरासाठी बालसंगोपन योजना आहे: एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, मूल घरातच ठेवून. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मग गृहचौकशी, मग समितीचा आदेश. पैसे रखडतात हे खरं आहे. बऱ्याचदा कारण असतं आधारशी न जोडलेलं बँक खातं किंवा राहून गेलेलं नूतनीकरण. अर्ज करतानाच खातं जोडून घ्या, मृत्यूचा दाखला आणि शाळेचं बोनाफाईड दोन-दोन प्रतींत काढा.

तर ताई, फोन करायचा. मुलाचं नाव, अंदाजे वय, वाडी-वस्ती, जवळची खूण, आत्ता ते कुणाजवळ आहे आणि तुम्ही स्वतः काय पाहिलं, एवढं कागदावर लिहून मग १०९८ लावा. मारहाण समोर चालू असेल तर थेट ११२.